शेवटचं चांगलं चित्र

चूक माझीच होती, आणि ती मी वऱ्हाडाच्या होडीत उभा राहून तीसेक माणसांच्या साक्षीने केली. नवरदेवाला घेऊन होडी मार्व्याहून मनोरीला निघाली होती. खाडीच्या मध्यावर श्रुतिकाताई ओरडली, "सर्वेश, होडी वरून घे, पटकन!" लग्नांच्या फिल्मा काढायचा धंदा तिचा, ड्रोन तिचा, मी फक्त उडवणारा. ड्रोनला उडायच्या आधी आकाशातले उपग्रह सापडू द्यायचे असतात. दोन-तीन मिनिटं थांबायचं, फोनवर आकडा वाढत जातो. तेव्हा तो चार होता. कणकवलीच्या शाळेत मी पस्तीस मार्कांवर समाधानाने वरच्या वर्गात गेलेला माणूस. म्हटलं, चार म्हणजे पुष्कळ. उडवला.

होडी झकास आली. जेट्टीला लागलो, वऱ्हाड उतरलं. आणखी शाबासकीच्या आशेने मी ड्रोन नवरीकडच्या बंगल्याकडे, नारळांच्या पलीकडे नेला आणि फोनचा पडदा राखाडी झाला. संपर्क तुटला.

आमच्या घरी टीव्ही अडला की जे करतात तेच मी केलं. रिमोट बंद केला, चालू केला, वर एक चापट मारली. काही नाही.

"कुठाय?" श्रुतिकाताईने विचारलं.

"येईल."

"कुठे येईल?"

तिथेच तर वाट लागली होती. संपर्क तुटला की हे यंत्र आपणहून घरी परततं, आणि घर म्हणजे जिथून उडालं ती जागा. ते उडालं होतं होडीवरून. होडी पुढे आली, जागा मागे राहिली. त्या जागेवर आता नुसतं पाणी हलत होतं.

"म्हणजे खाडीत उतरणार," ती म्हणाली. हळू म्हणाली, म्हणून मला जास्त भीती वाटली. "कार्ड त्यात आहे. नवरदेव होडीतून आला ते सगळं त्यात आहे. त्याला काय सांगू, परत जाऊन परत ये? नाही मिळालं ना, तर सोमवारी तू कणकवलीला. तुझ्यासाठी बाबांनी शब्द टाकलाय माझ्याकडे. तोही गेला मग."

बाबा म्हणजे तिचे वडील, गुणाजीकाका. ते मागे कॅमेऱ्याची तिकाटणी खांद्यावर घेऊन उभे होते. वऱ्हाडी त्यांना सामानवाले काका समजतात आणि ते समजू देतात. त्यांचे वडील गिरणीत होते, हे गच्च्यांवर. विक्रोळीपासून मुलुंडपर्यंतच्या चाळींवर त्यांनी बावीस वर्षं टीव्हीच्या अँटेना उभ्या केल्या. मग केबल आली, मग डिशच्या छत्र्या आल्या, मग कोणी बोलावीनासं झालं. अजूनही कुठल्या गल्लीत शिरले की आधी छपरं बघतात, माणसं नंतर. खिशात पक्कड आणि काळी टेप असतेच. मी त्यांच्याच पोटमाळ्यावर राहतो, म्हणून ही माहिती खात्रीची.

त्यांची कामाची एक रीत होती. कुणाच्या घरी गेले की टीव्हीला हात लावायचा नाही. बसायचं, पाणी मागायचं आणि विचारायचं, शेवटचं चांगलं चित्र काय दिसलं? एखादी आजी सांगायची, बातम्यांची बाई दिसत होती, मग माझा कुकर झाला, मग पडद्यावर मुंग्या आल्या. कुकरवरून काका वेळ काढायचे, वेळेवरून वारा, आणि वाऱ्यावरून गच्चीतला कुठला खिळा सुटला ते.

त्यांनी तिकाटणी खाली ठेवली. "पाणी दी रे कोणीतरी." ते प्यायले. माझा जीव चालला होता आणि हे घोट मोजत होते. "हां. शेवटचा चांगला चित्र काय दिसला?"

"नारळ. मग बंगल्याचा मांडव. मग राखाडी."

"रिमोट कसो धरललंस, दाखय."

मी दाखवलं. वरच्या दोन्ही दांड्या, टोकं नारळांकडे रोखून.

"मेल्या, बंदूक धरलंस? अँटेनाक टोकातून दिसना नाय. तेका कुशीतून दिसता. वर नारळ मधे इले. तुटला कित्याक ता कळला."

"बाबा, का तुटला ते सोडा," श्रुतिकाताई म्हणाली. "गेला कुठे?"

"तेच बघतंय. आता उलट सांग. मांडवाच्या आधी काय?"

मी डोळे मिटले. मांडवाआधी नारळ, नारळांआधी जेट्टी, त्याआधी मी ड्रोन होडीच्या पुढे काठापर्यंत नेऊन वळवला होता. खाली एक निळी ताडपत्री होती, आणि तेव्हाच फोनमधली बाई बोलली होती, घरची जागा नोंदली म्हणून.

"ती उडवतानाच बोलते," ताई म्हणाली.

"तेव्हा नाही बोलली ना! उपग्रह चारच होते, आकडा पुरा झाला तो काठावर." हे मोठ्याने सांगायला नको होतं. ताईने माझ्याकडे असं बघितलं की खाडी बरी वाटली.

काका मात्र पुढे सरकले. "ताडपत्रीबाजूक काय होता?"

"पांढरं. ओळीने वाळत घातलेलं. बोंबील असणार."

"बाय माझे! उडाला पाण्यार, पण तेका आपला घर कळला बोंबलार! चल."

कोळीवाड्यात बांबूंवर बोंबीलच बोंबील, आणि निळ्या ताडपत्र्या घराघरावर. पहिलीशेजारी काही नाही. दुसरीशेजारी एक मांजर. तिसरीशेजारी एक म्हातारा, त्याने आकाशाकडे बोट केलं आणि हसला. त्याचा अर्थ मला आजही कळलेला नाही. मुहूर्ताला पाऊण तास उरला होता. श्रुतिकाताई सारखी घड्याळ बघत होती, आणि काका छपरं बघत इतके सावकाश चालत होते की त्यांना ढकलावंसं वाटलं. मनातल्या मनात मी पिशवी भरायला घेतली होती.

चौथ्या ताडपत्रीपाशी एक बाई उपड्या टोपलीवर हात ठेवून बसली होती. दुसऱ्या हातात काठी. नाव द्रौपदी, हे नंतर कळलं.

"पोलिसांचं नाय ना?" तिने आधी विचारलं.

"लग्नाचं आहे, मावशी."

"लग्नाचं? मग माज्या बोंबलात कशाला आलं? कावळं टोचाया लागलं, म्हणून झाकलं."

टोपलीखाली ड्रोन होता. एक पातं मोडलेलं, पोटाला खवले चिकटलेले. काकांनी तो उचलून आधी हुंगला. ताईने कार्ड काढलं, कॅमेऱ्यात घातलं. होडी दिसली, नवरदेव दिसला. ती तिथेच खाली बसली.

"मावशी, काय देऊ तुम्हाला?" मी विचारलं.

"काय नको. माजं घर वरून कसं दिसतं, ते कागदावर आणून दे. पन्नास वर्सं खालूनच बघतंय."

"रविवारी आणतो," मी म्हटलं. त्या क्षणी तिने कुलाब्याचं दीपगृह मागितलं असतं तरी मी रविवारी म्हटलं असतं.

मी कणकवलीला गेलो नाही. काकांनी चाळीत सगळ्यांना सांगितलं, पोरगा काटकसरी आहे, चार उपग्रहांत भागवतो. आता मी आकडा पुरा होईपर्यंत रिमोट कुशीवर धरून गप्प उभा राहतो आणि नवरदेव ताटकळतात.

पण त्या फिल्ममध्ये द्रौपदीचं घर नीट नाही. कॅमेरा होडीकडे होता. कोपऱ्यात ताडपत्रीची नखाएवढी निळी कड आणि बोंबलांची पांढरी रेघ तेवढी आली आहे. ती छापून कोणत्या तोंडाने नेऊ? परत जाऊन उडवायला हवं. चार रविवार गेले. दर रविवारी सकाळी काका पोटमाळ्याच्या शिडीशी चहा ठेवतात आणि वर न बघता विचारतात, "झिला, द्रौपदीचा चित्र खंय असा?"