चार नंबरचे श्रोते

"तुमचा कोल्हापूरचा मुलगा फ्रॉड निघाला," कामत सर फोनवर म्हणाले. "त्याचा चार नंबरचा ट्रॅक आम्ही काल रात्रीच काढून टाकलाय. उद्या सगळा अल्बमच काढून टाकतोय."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ज्याच्याबद्दल ते बोलत होते तो सूरज माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला होता. अल्बमला आलेल्या वाईट रिव्ह्यूंबद्दल रडगाणं गायला आला होता बिचारा.

मी एका म्युझिक डिस्ट्रिब्युशन कंपनीची कोल्हापुरातली प्रतिनिधी. कलाकाराला आपलं गाणं गाणी ऐकायच्या ॲपवर थेट टाकता येत नाही. ते आमच्यासारख्या कंपनीमार्फत जातं. कामत सर मुंबईच्या ऑफिसातले माझे साहेब. सूरज उचगावचा, हिप-हॉपचा प्रोड्यूसर. इथे प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा नव्हे. रॅपर ज्याच्यावर रॅप करतो तो ठेका आणि मागचं सगळं संगीत रचणारा. त्याला बीट म्हणतात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांना बीट करून झाल्यावर सूरजने स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम काढला होता. ट्रॅकना नावंसुद्धा दिली नव्हती, नुसते नंबर. मला ते शहाणपणाचं वाटलं नव्हतं, पण माझं ऐकतो कोण?

समीक्षकांनी अल्बमची पार वाट लावली होती. मुंबईच्या एका वेबसाइटवर एक जण म्हणाला, सगळीकडे एकच कल्पना पाणी घालून वाढवलीय. चार नंबरबद्दल तर त्याने लिहिलं होतं की कुणीतरी बादली वाजवतंय आणि थांबायचं नाव घेत नाही. पुण्याच्या एका यूट्यूबरने चार नंबर लागल्यावर कॅमेऱ्यासमोर जांभई दिली आणि व्हिडिओ तिथेच संपवला. त्या ट्रॅकमध्ये रॅप नव्हता. एक संथ ठेका, आणि त्याच्यामागे सतत काहीतरी चर्र चर्र वाजत राहायचं. मलाही तो कंटाळवाणाच वाटला होता, पण मी तसं बोलले नव्हते.

आणि कामत सर सांगत होते की अल्बमचे बाकीचे ट्रॅक कुणी विचारत नसताना चार नंबर मात्र धो धो चालतोय. तोही सगळा शिरोळ तालुक्यात. रोज सकाळी आणि संध्याकाळी, त्याच त्या फोनवरून, पुन्हा पुन्हा तोच. मध्येच कुणी बंद करत नाही, पुढचं गाणं लावत नाही.

"माणूस असं ऐकतो का?" सरांनी विचारलं. "हे बॉट आहेत."

बॉट म्हणजे आकडे फुगवण्यासाठी यंत्राकडून गाणी वाजवून घेण्याचा धंदा. त्यात सापडलेल्या कलाकाराला आम्ही कायमचं बंद करतो आणि मग दुसरी कंपनीही त्याला दारात उभं करत नाही. म्हणजे सूरजचं नाव या धंद्यातून पुसलं जाणार होतं, पहिल्याच अल्बमला.

फोन ठेवून मी त्याला विचारलं, खरं सांग, कुणाकडून करून घेतलंस? तो पांढराफटक पडला. आईची शपथ घेतली. मी शपथांवर विश्वास ठेवत नाही, पण त्याचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्याने फोन माझ्यापुढे सरकवला. मीच स्पीकर लावला.

"मी अण्णा बोलतोय, शिरोळ तालुक्यातनं, जयसिंगपूरच्या अलीकडनं," पलीकडचा माणूस जवळजवळ ओरडतच होता. "तुमच्या मावशीकडनं नंबर घेतलाय. चार नंबर का काढलासा?"

सूरज म्हणाला, "तुम्ही ऐकता व्हय ते?"

"मी कशाला? म्हसरं ऐकत्यात. सकाळधरनं पान्हा चोराय लागल्यात की. धार काढायची कशी आमी?"

मी या नोकरीत पुष्कळ तक्रारी ऐकल्यात. गाण्याअभावी म्हैस दूध देत नाही, ही तक्रार ऐकून माझं डोकं सुन्न झालं. कुणीतरी थट्टा करतंय, असंच मला वाटलं. तरी मी गाडी काढली आणि संध्याकाळच्या धारेच्या आत आम्ही अण्णांच्या दारात पोचलो.

मी शहरात वाढलेली. दूध पिशवीतून येतं आणि फार तर कधी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर पेलाभर पिते, एवढंच माझं ज्ञान. गोठ्यात म्हशींची रांग होती आणि खुंटीला एक छोटा ब्लूटूथ स्पीकर लटकत होता. म्हणजे ही थट्टा नव्हती.

अण्णांची बायको, काकू, बादली घेऊन म्हशीपाशी बसल्या होत्या. म्हैस लाथा झाडत होती. अण्णांनी सांगितलं की याच गावात दिलेल्या सूरजच्या मावशीने भाच्याच्या कौतुकापोटी अल्बमची लिंक डेअरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. कुणीतरी धार काढताना लावून बघितलं. चार नंबर लागला की म्हशी शांत होतात, हे एकाचं बघून दुसऱ्याला, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याला कळलं. आता त्यांना सवयच लागली होती. म्हैस सवयीची फार पक्की. रोजचा माणूस किंवा रोजचा आवाज नसला की दूध वर ओढून धरते, खाली सोडत नाही. त्यालाच पान्हा चोरणं म्हणतात.

सूरजने स्वतःच्या फोनमधला चार नंबर त्या स्पीकरवर लावला.

मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. म्हशीने लाथा थांबवल्या, कान सैल सोडले आणि ती रवंथ करायला लागली. काकूंच्या बादलीत चर्र चर्र धार पडू लागली. आणि स्पीकरमधूनही नेमका तोच आवाज येत होता. मी सूरजकडे बघितलं.

"आईची धार हाय ती," तो खाली बघत म्हणाला. "घरात रेकॉर्ड केलती. कुणाला सांगितलं न्हाय."

मी भराभर व्हिडिओ काढला. आनंदाने मला नाचावंसं वाटत होतं. बॉट नाहीत, फ्रॉड नाही, एवढा पुरावा पुरे होता. पण अंगणात आल्यावर सूरजने माझा हात धरला.

"मॅडम, हे पाठवू नका."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तो म्हणाला, चोर म्हणाले तरी चालेल, लोक विसरतील. म्हशींचा प्रोड्यूसर हे नाव एकदा लागलं की जन्मभर सुटणार नाही. रॅपर पोरं तोंडावर हंबरतील. माझा असा संताप झाला! धंद्यातून उठायची वेळ आलीय आणि याला हसण्याची भीती. पण कलाकाराच्या होकाराशिवाय त्याच्या वतीने खुलासा पाठवायचा नाही, असा आमचा नियम आहे. मी चिडून फोन पर्समध्ये टाकला.

काकू धारोष्ण दुधाचे पेले घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हसरं ऐकत्यात म्हणून लाज वाटती व्हय तुला?" त्या म्हणाल्या. "आन त्यांच्या बुडाला बसल्यालं कोण असतंय? मीच की. बाकीची गाणी बी लावून बघितली. नुसतं भांडल्यागत. चार नंबर तेवढं बरं हाय."

सूरजने त्यांच्या हातातला पेला घेतला.

"तुझ्या आईनं ऐकलंय का ते?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. साऱ्या नातेवाइकांना लिंक पाठवली होती, घरातल्या घरात आईला मात्र नाही.

"मग आदी तिला ऐकीव," काकू म्हणाल्या. "लाजायचं त्याच्यानंतर बघू."

सूरजने पेला एका दमात संपवला, तोंड पुसलं आणि मला म्हणाला, "पाठवा."

व्हिडिओ बघून कामत सरांचा फोन आला.

"हे खरं आहे?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे, सर."

"पण गाणं वाजताना तिथे माणूस हजर असतो ना?"

"असतो. बादली घेऊन."

मग सर म्हणाले, असल्या प्रकरणासाठी आपल्याकडे नियम नाही, आणि जिथे नियम नाही तिथे फ्रॉडही धरता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या धारेला चार नंबर परत आला.

सूरज म्हणाला होता तसंच झालं. गोष्ट पसरली आणि पोरं त्याला तोंडावर हंबरली. मुंबईच्या समीक्षकाने आपल्या रिव्ह्यूतला एक शब्द बदलला नाही. कोल्हापुरातले दोन रॅपर मात्र त्याच्याकडे बीट मागायला आले, अर्थात हसत हसतच.

आईला त्याने उचगावला घरी बसवून चार नंबर ऐकवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, "हे काय, रोजचंच हाय की."

अल्बमच्या पानावर वर एक जागा असते. तिथे कलाकार मोठ्या समीक्षकांचं कौतुकाचं वाक्य लावतात. सूरजकडे लावण्यासारखं वाक्य कुणाचंच नव्हतं. त्याने आईचं लावलं, जसंच्या तसं, खाली 'आई' असं लिहून. ते वाचून मी ऑफिसात एकटीच रडले, हे कामत सरांना माहीत नाही.

आता कुणी नवा अल्बम घेऊन आला की मी विचारते, हे नक्की कोण ऐकणार? सगळे छाती काढून सांगतात, यूथ. मी मान डोलावते आणि फॉर्मवर तसं लिहून घेते.