शेवंता आत्या आणि बाबांचं ‘नाही’

आमच्या घरात माणसं पोटाच्या आजारानं मरतात, हे अख्ख्या एकोडी गावाला माहीत होतं.

फक्त डॉक्टरला सांगितलं नव्हतं.

आज शेवंता आत्याची पुण्यतिथी. बाबांची धाकटी बहीण.

धानाच्या रोवणीत सगळ्या बायांच्या पुढे असायची. ब्याऐंशी साली मात्र बांधीत, भर चिखलात मधेच खाली बसली. चेहरा पांढराफटक.

आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "परसाकडे रक्त पडते वहिनी. लय दिवस झाले. मूळव्याध असन. भाऊले नोको सांगू."

आजोबाही सत्तरच्या दशकात असेच गेले होते. आधी रक्त, मग अंग सुकत गेलं. लोक म्हणायचे, करणी आहे.

बाबांनी आत्याला नागपूरला नेलं. मी सोबत होते.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर. पसरलेला.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कोणाला झालं होतं का? असेल तर बाकीच्या भावंडांनाही तपासायला हवं."

बाबा म्हणाले, "नाही."

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं.

परतताना एसटीत म्हणाली, "भाऊ, खोटं काहून बोलला?"

"पोरींचे लग्न व्हाचे हायेत, शेवंता. अशा घरची पोरगी कोण करन?"

पोरी म्हणजे मी आणि ताई.

धान कापणीला यायच्या आधी आत्या गेली.

आमची लग्नं झाली. चांगल्या घरी झाली.

मग काकांना रक्त पडू लागलं. बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनीही लपवलं. तेही गेले.

काकांच्या तेरवीला बाबा मांडवात उभे राहिले. "माहा बाप, बहीण, भाऊ. तिघाइले एकच रोग. करणी नोहोय, कॅन्सर होये. म्या डॉक्टरले खोटं सांगतलं. रक्त दिसलं तं लाजू नोका रे."

लोक जेवून आपापल्या घरी गेले.

म्हातारपणी बाबा दुपारी झोपेत बोलायचे, "हो डॉक्टरसाहेब. होतं. होतं."

आई त्यांना हलवून जागं करायची.

मला काहीच त्रास नव्हता. तरी चाळिशीच्या आतच डॉक्टरकडे गेले, तिघांचं सांगितलं. कोलोनोस्कोपीत छोट्या गाठी निघाल्या. कॅन्सर व्हायच्या आधीच काढल्या. आता ठरल्या वेळी तपासणी असते. मुलांनाही नेते.

रिपोर्ट चांगला आला की घरचे हसतात. मला रडू येतं.

मूळव्याधच असेल म्हणून घरी बसू नका. घरात कोणाला झालं असेल तर काही दुखायची वाट पाहू नका. लाज वाटली तरी सांगा.

मी आता आत्यापेक्षा वयानं कितीतरी मोठी झाले आहे.

शेवंता आत्या, तुझ्या भाचीचा नमस्कार.