काळं पडलेलं तेल

उदगीरच्या आसपासच्या पाच-सहा गावांत व्यंकट बिरादारला विचारल्याशिवाय कुणी जुन्या ट्रॅक्टरसाठी तेलाचा डबा घेत नसे. त्याची परीक्षा साधी. दोन बोटांत तेल चोळायचं, दाट लागलं तर पास. काळं दिसलं की नापास. तीस वर्षं एकच ट्रॅक्टर चालवला, एवढ्या भांडवलावर गडी इंजिनिअर झाला होता. कुणी तसं म्हटलं की मिशीतल्या मिशीत हसायचाही.

तो तेल घ्यायचा राजशेखर अप्पांच्या दुकानातून. अप्पा मोजकं बोलणारे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनीच सुचवलं, "मामा, ते चाळीस नंबरचं जुनं तेल सोडा आता. वीस-चाळीस नंबरचं घाला. तुमच्या इंजिनाला तेच बरं."

व्यंकटनं घातलं. आठवडाभर नांगरट केली आणि तेल मापायची पट्टी काढून बघितली, तर तेल काळंकुट्ट.

शांतपणे जाऊन विचारायचं सोडून हा बाबा पट्टी पांढऱ्या रुमालाला पुसून ऐन बाजाराच्या दिवशी अप्पांच्या पायरीवर उभा राहिला. रुमाल उंच धरला. "बघा रे, आठ दिसात तेलाचं डांबर झालं. अप्पा भेसळ विकायलेत."

"मामा, काळं होणं हेच त्याचं काम हाय. आतली घाण धुवायलंय ते," अप्पा म्हणाले.

व्यंकट हसला, त्याच्याबरोबर गर्दीही हसली. त्याचाच शब्द म्हटल्यावर लोकांनी अप्पांकडं तेलाला जाणं सोडलं. व्यंकट दुसऱ्या दुकानातून घेऊन पुन्हा चाळीस नंबरवर आला.

यंदा पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बसला. विनोद मिस्त्रीनं इंजिनाचं खालचं चेंबर खोललं. तळाशी बोटभर गाळ, तेलाच्या वाटा बुजलेल्या.

"तुमचं तेल वरून स्वच्छ दिसतंय, कारण ते घाण खालीच बसू देतंय," विनोद म्हणाला. "चांगलं तेल घाण उचलतंय, म्हणून काळं पडतंय. एवढं तर तुमाला ठावं असंल, मामा."

व्यंकटला ते ठाऊक नव्हतं. अप्पांनी सांगितलं होतं आणि तो हसला होता. इंजिनाचं त्याला तेवढं वाटलं नाही, पण एका सरळ माणसाला आपण भर बाजारात चोर ठरवलं, या लाजेनं त्याला घास गिळेना. बायकोनं, उज्ज्वलानं, दोनदा विचारलं. तिलाही सांगवेना.

चार दिवसांनी तो बाजारात गेला. दुकानात तेलाच्या डब्यांच्या जागी प्लास्टिकचे पाईप रचलेले होते.

"या मामा," म्हणत अप्पांनी खुर्ची पुढं केली. यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

"चुकलं माझं, अप्पा. तेल चांगलं व्हतं," व्यंकट खाली बघत पुटपुटला.

अप्पांनी हातातला पाईप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी लई मोठ्यानं बोलला होता, मामा."

व्यंकटच्या कानशिलांची आग झाली. तो उठला, पायरीवर गेला आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून म्हणाला, "ऐका रे. अप्पांचं तेल चोख व्हतं. मलाच कळत नव्हतं."

दोघा-चौघांनी वळून बघितलं. त्याच्याच गावचा एक जण पिशवी सावरत म्हणाला, "कोणतं तेल, मामा? अप्पा तर पाईप विकतेत."

माणसं आपापल्या वाटेनं गेली. व्यंकटला मागं वळून दुकानात बघायचं धाडस झालं नाही.