बांधाबाहेरची सुपारी

आमच्या सासूबाई, सखुबाई, गावच्या धवलारीण. लग्नात धवले गाणाऱ्या, मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक काढणाऱ्या. उरणकडच्या आमच्या गावांत त्यांच्याशिवाय लग्न उभं राहत नसे. मान मोठा, आणि तोंड त्याहून मोठं. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझी रांगोळी बघून म्हणाल्या, "ही काय कोंबडी चालून गेली?" आता बोला!

आमची भातशेती खाडीकाठची. मातीचा लांब बांध घालून खारं पाणी अडवलेलं. तो बांध राखायला गावानं एक मंडळ काढलं होतं आणि दयाराम त्याचा पुढारी. पगार कुणालाच नाही, घरटी एका माणसानं बांधाच्या मेहनतीला यायचं एवढंच. एकतीस सालच्या पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी बांधाला मोठं भगदाड पडलं. भात कापून झाल्यावर दयारामानं सभा बोलावली आणि घसा बसेपर्यंत ओरडला. वरच्या आळीचा गुणाजी उठून म्हणाला, "बांध फुटला तो सखुबायच्या शेताजवल. आमची शेतं उंचावर हायेत. आमी कशाला चिखलात मरायचं?" झालं! वरची आळी उठून घरी गेली.

माझं तर डोकंच फिरलं. भगदाडाला लागून होतं ते आमचं शेत, गावातलं एक नंबरचं. सासूबाई आणि सासऱ्यांनी तरुणपणी खाडीतून काढलेलं. ते गेलं असतं तर आम्ही खायचं काय? मी म्हटलं, "सासूबाय, जा की भांडायला! एरवी कुनाला सोडत न्हाय तुमी."

"भांडून काय व्हनार? दयाराम ओरडून दमला. त्यांना दिसत न्हाय, तर दाखवलं पायजे."

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढचं अंगण सारवून घेतलं. सारवलं मी, हे सांगायला नको. त्यावर सासूबाईंनी पिठानं चित्र काढलं: खाडी, बांध, ओढा, दोन्ही आळ्या, एकेकाचं शेत. एक नाही, शेजारी शेजारी अगदी तश्शीच चार चित्रं. मग घराघरातल्या बाईला सुपाऱ्या घेऊन बोलावलं. धवलारणीचं बोलावणं मोडायची कुणाची छाती? आपापल्या शेतावर प्रत्येकीनं सुपारी ठेवली, चारही चित्रांत. आमच्या मी ठेवल्या. बायका गेल्या म्हणून मागोमाग पुरुषही बघायला आले.

सासूबाईंनी मूठभर गेरू घेतला. "ह्ये परारचं साल," म्हणाल्या, आणि बांधातून झिरपून खारं पाणी जिथवर आलं होतं तिथवर पहिल्या चित्रात गेरू पसरला. नखाएवढा. "ह्ये गेल्या सालचं." तळहाताएवढा. "ह्ये औंदाचं." तिसऱ्या चित्रात गेरू ओढ्याच्या वाटेनं निघाला तो थेट वरच्या आळीच्या पहिल्या सुपारीला टेकला. तिथलं भात पिवळं पडलेलं सगळ्यांनी बघितलं होतं, पण रोग म्हणून सोडून दिलं होतं.

चौथ्या चित्रात अजून गेरू पडला नव्हता. सासूबाईंनी गेरूचं ताट गुणाजीपुढं धरलं. "ह्ये फुडच्या सालचं. तू टाक."

गुणाजीनं चिमूट घेतली, ओढ्यावरनं हात नेला आणि स्वतःच्या सुपारीशी थांबला. चिमूट काही सुटेना. शेवटी त्यानं गेरू ताटात परत टाकला आणि दयारामाला म्हणाला, "कधी यायचं सांग."

मला अस्सा आनंद झाला! पण दयाराम म्हणाला, "भगदाड खोल गेलंय. जुन्या जागी माती टिकायची न्हाय. नवा बांध आत घ्यावा लागंल." म्हणजे कुणाचं तरी शेत बाहेर, समुद्राला.

सासूबाईंनी पिठाची चिमूट घेतली आणि चौथ्या चित्रात एका दमात रेघ ओढली. रेघेबाहेर एकच सुपारी राहिली. आमची.

मी किंचाळलेच. "सासूबाय, आपलं शेत!"

"मंग कुनाचं घेऊ? बोट ठेव, तशी रेघ वडते."

मी चित्रावर वाकले. एकेका सुपारीमागं तिची बाई उभी होती, माझ्याकडं बघत. बोट ठेववेना मला.

तेव्हा गुणाजी पुढं आला. त्यानं आमची सुपारी उचलली आणि आपल्या सुपारीशेजारी ठेवली. "माज्या शेताची कडंची पट्टी तुमची," म्हणाला.

उन्हाळ्यात सगळं गाव चिखलात उतरलं. बांध झाला तो आजही ठणठणीत उभा आहे. गुणाजीची पट्टी मात्र नुसती दगडाची, देणाऱ्याचं काय जातंय! तरी तिच्यातच पिकवतो आणि खातो.

गेल्या साली सासूबाई गेल्या. आता दर साली मेहनतीच्या आधी देवळापुढं ते चित्र मी काढते, आणि कोंबडी चालून गेली असं कुणी म्हणत नाही. रेघ मी एका दमात ओढते. फक्त आमची सुपारी ठेवताना हात अजून आधी बांधाबाहेरच जातो.