दौलताबादची सखू, वणांसकट

दिवाळीच्या सुट्टीत यांना लेणी बघायची होती आणि मला माणसं. भांडण नको म्हणून दोन्ही ठरवलं. नाशकात मी मुलींना चित्रकला शिकवते. अनोळखी माणसाशी गप्पा मारत त्याचं चित्र काढायचं आणि त्यालाच देऊन टाकायचं, हा माझा नाद.

मनमाडला निजामाच्या गाडीत बसलो. जाणार असाल तर थोडे हाली शिक्के, तिकडचे रुपये, आधीच करून घ्या. आपला रुपया तिकडे मोडताना फार घोळ होतो. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या शिपायाने माझ्या पेन्सिली उलटसुलट करून परत दिल्या.

दौलताबादचा किल्ला चढून यांचे पाय बोलायला लागले. हे झाडाखाली आडवे झाले, मी सीताफळं विकणाऱ्या गंगूबाईपाशी बसले. चांगली टोपलीभर फळं स्वस्तात मिळाली. मला चित्र काढताना बघून तिने आपली सखू पुढे केली.

"सोयगावला सोयरीक घालायचीय. तुमी अजिंठ्याला चाललाच, तर हिच्या चित्राचा कागद तेवढा पोचवा."

सखूच्या गालांवर देवीचे वण होते. मी ते काढलेच नाहीत. गंगूबाई खूश झाली, पण सखू भडकली.

"ही मी नाय."

"गप. चांगली दिसतीस की!"

"माय, मागं पाव्हणे मला बघून दारातूनच परतले. आता कागद बघून येतील अन् तसंच जातील. मला नाय सोसायचं."

मी पेन्सिल उचलली. एकेक वण काढताना जिवावर येत होतं. गंगूबाई पाठ फिरवून फळं रचत बसली.

औरंगाबादेत शहागंजात हे नानखलियावर तुटून पडले. सकाळी सर्व्हिस मोटारीने फर्दापूर गाठलं. डोक्याला फडकं बांधा, धूळ फार. लेणी अप्रतिम, पण माझा सगळा जीव पिशवीतल्या कागदात. पुढे बैलगाडीने सोयगाव.

मुलाच्या आईने कागद उंबऱ्यातच उजेडाला धरला. मग डोळ्यांजवळ नेला. मला राहवेना.

"वण खरेच आहेत हो."

"दिसतंय की! लपवलं नाय, हे लई झालं." तिने मुलाला हाक मारली.

त्याने चित्र बघितलं आणि सरळ माझ्यासमोर मांडी घातली. "माझंबी काढा. डोळा तिरका हाय, तसाच ठेवा. तिलाबी कळू द्या."

"अन् सांगा, आईतवारी बघायला येतो म्हणून," आई म्हणाली. मला तर नाचावंसं वाटलं.

परतताना दौलताबादला मुद्दाम उतरलो. सखूने मुलाचं चित्र घेतलं.

"डोळा असाच हाय?"

"असाच."

ती खुदकन हसली. "मग येऊ द्या."

घरी आल्यावर यांनी लेण्यांचं वर्णन करकरून शेजाऱ्यांना दमवलं. माझ्याकडे दाखवायला एकही चित्र नव्हतं. सखूचं हसणं तेवढं होतं, आणि त्याने फार हलकं वाटत होतं. तरी रविवारी सकाळपासून माझ्या येरझाऱ्या चालू.

"कशाला घोर लावून घेतेस?" हे म्हणाले. "या वेळी ती माणसं तिला बघून मगच घरून निघालीत."

मग मी बसले. चहा घेतला.