परदेशी खेळाडूंची आठवी जागा

गास्परिनीला आणायला डेल्मर उर्बीना स्वतःहून का गेला, या प्रश्नाचे उत्तर मला सापडलेले नाही. २०१६च्या त्या जुलैत ओहायोतल्या टोलेडोच्या आमच्या फुटबॉल संघात या अर्जेंटिनी ताऱ्याची सर्वाधिक धास्ती त्यानेच घेतली होती.

लीगने पगारांना मर्यादा घातली होती. मात्र ताऱ्याला कितीही दिले तरी त्यातला ठरावीक हिस्साच मर्यादेत धरला जाई. परदेशी खेळाडूंच्या जागांना अशी सवलत नव्हती. त्या आठच, आणि आठही भरलेल्या. होंडुरासचा डेल्मर, किमान पगारावरचा राखीव बचावपटू, त्यांत सर्वांत स्वस्त. बायको येसेनिया इथलीच, म्हणून त्याने ग्रीन कार्डासाठी अर्ज केला होता. खेळाडू नोंदवायची मुदत शुक्रवारची; तोवर कार्ड आले तर तो देशी ठरणार आणि त्याची जागा ताऱ्याला मिळणार. अन्यथा त्यालाच काढणार.

तो दिवसातून तीनदा टपालपेटी उघडी. फोन वाजला की त्याचा घास हातातच राही.

"काय रे, आज कुठला तू? होंडुरासचा की ओहायोचा?" कपडे-बूट सांभाळणारी लोर्ना विचारी.

"शुक्रवारी सांगतो, लोर्नाबाई. तोवर माझा शर्ट तेवढा धुऊन ठेवा."

बुधवारी डेट्रॉइटच्या विमानतळावरून परतताना गास्परिनीने विचारले, "घर किती वर्षांच्या करारानं घेऊ रे?"

"तुम्ही घ्या की खुशाल पाच वर्षांचं. आमची नोकरीच वर्षाची, मग दर जानेवारीला बिऱ्हाड पाठीवर..."

वाक्य तिथेच तुटले. अर्ज डिसेंबरात केलेला, त्यावर तेव्हाच्या घराचा पत्ता होता आणि सरकारी पाकीट नव्या पत्त्यामागे धावत नाही. त्याने गाडी थेट जुन्या घराकडे वळवली.

दारातल्या नव्या भाडेकरूने डोके खाजवले. "उर्बीना? होतं बुवा एक पाकीट. इथं या नावाचं कोणी नाही असं लिहून सोमवारीच परत धाडलं."

डेल्मर गाडीत येऊन बसला. त्याने गाडी सुरू केली.

"कसलं पाकीट?" गास्परिनीने विचारले.

"विजेचं बिल, साहेब."

शुक्रवारी दुपारी संघाने त्याला करारातून मुक्त केले. कार्ड अकरा ऑगस्टला, त्याने कळवलेल्या नव्या पत्त्यावर आले.

नोव्हेंबर २०१९मध्ये डेल्मर उर्बीना अमेरिकेचा नागरिक झाला. तेव्हा तो टोलेडोतच घरांची छपरे घालण्याचे काम करत होता.