अक्काने काढलेला सूर्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. लाज वाटत होती म्हणून गप्प राहिलो, असं म्हणू का? नाही — गप्प राहणं माझ्या फायद्याचं होतं. एवढंच.

जळगावात लोक मला 'दुर्बीणवाले भाऊ' म्हणतात. कचेरीतला साधा कारकून मी. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात ती पितळी दुर्बीण मी घेतली. महिनाभर चंद्र पाहिला, शनीचं कडं पाहिलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना गच्चीवर बोलावून दाखवलं. मग कंटाळलो. हो, कंटाळलो! माझी हौस तेवढीच होती.

खरी हौस गोदाअक्काची. माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती खेड्यावरून माझ्याकडे राहायला आली होती. दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे पाहायचं नसतं, डोळा जातो; पण मागे वीतभर अंतरावर कागद धरला की सूर्य त्यावर उतरतो — हे मीच तिला एकदा दाखवलं. वाटीएवढा उजेड, आणि त्यात काळे ठिपके.

"हाई काय शे, भाऊ?"

सूर्यावरचे डाग, म्हटलं. त्या दिवसापासून रोज भांडी आवरली की अक्का गच्चीवर. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे ना? पायाखाली ओलं पोतं टाकून ती उभी राहायची आणि पेन्सिलीने एकेक डाग उतरवून घ्यायची. खाली तारीख. दोन वर्षं! डाग एका कडेने उगवतात, दुसऱ्या कडेला जाऊन दिसेनासे होतात, त्यातले काही पंधरवड्याने परत येतात — म्हणजे सूर्य स्वतःभोवती फिरतो, हे त्या दुसरी शिकलेल्या बाईने नुसत्या कागदांवरून ताडलं. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

ती चित्रं मी पुण्याच्या एका मासिकाला पाठवली. माझ्या नावाने. 'पाठवतो' म्हणालो तेव्हा अक्का हरखली. नाव कुणाचं, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण थांबा, एवढ्यावरच मला चोर म्हणून मोकळे होऊ नका. मी त्याच्याही खालची पायरी उतरलो.

चित्रं छापून आली तशी वाचनालयात माझा सत्कार ठरला. मासिकाकडून परत आलेले सगळे कागद भिंतीवर ओळीने लावलेले. बायका बांबूच्या चिकाच्या पडद्याआड, त्यांत अक्का. माझं भाषण संपलं आणि नाना वकील उठले.

"भाऊ, या पाच तारखांना तुम्ही चोपड्याला होता. लग्नात माझ्याच पंगतीला बसत होता. मग ही पाच चित्रं काढली कोणी?"

'माझ्या बहिणीने.' दोन शब्द! एवढे दोन शब्द जड होते का हो? मी हसलो — आजही ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. म्हणालो, "ती होय? आमच्या अक्काने गंमत म्हणून ठिपके मारले असतील. अडाणी बाई. तिला सूर्याचा डाग काय आणि शेणाचा डाग काय, सारखाच!"

सभा खदाखदा हसली. मला चेव आला. मी भिंतीपाशी गेलो, ते पाच कागद काढले आणि सगळ्यांसमोर फाडले. खोटं एकही चित्र ठेवणार नाही, म्हणालो. आणि टाळ्या पडल्या! अध्यक्षांनी माझ्या सत्यप्रेमाची तारीफ केली! शे-दीडशे शहाणी माणसं बसली होती. एकालाही वाटू नये की पडद्यापलीकडे ती बाई बसली आहे, तिला विचारून पाहू? नाना वकीलसुद्धा समाधानाने खाली बसले. संताप येतो मला त्या सभेचा. पण त्यांनी काय केलं? मी हसवलं, ते हसले. कागद माझ्या हातांनी फाडले होते.

घरी अक्काने पान वाढलं. आमटी वाढता वाढता हळूच म्हणाली, "भाऊ, त्या दिनना डाग खरा व्हतात. मी मना डोयाघाई देखात."

खरे होते. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, हे मला माहीत नव्हतं? त्या सगळ्या गठ्ठ्यात खोटी गोष्ट एकच होती — माझं नाव. मी ताटातून मान वर न करता म्हणालो, "गप बस. तुला काय कळतं त्यातलं?"

आमटीचं भांडं घेऊन ती आत गेली. रडली नाही, रागावली नाही. पुन्हा दुर्बिणीला मात्र तिने हात लावला नाही. तिच्या मुठीत पेन्सिलही मी नंतर कधी पाहिली नाही. बारा-तेरा वर्षं ती माझ्या घरात राहिली. त्यातला एकही दिवस मला पुरला नाही? एकाही सकाळी 'अक्का, मी खोटं बोललो' असं म्हणता आलं नाही? आलं असतं. मी म्हटलं नाही.

महायुद्ध संपलं त्या वर्षी ती गेली. तेराव्याला वाचनालयाचे चिटणीस आले होते. चार माणसांत म्हणाले, "अक्कांनी घर सांभाळलं, म्हणून भाऊंना सूर्य पाहता आला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.